वळणानंतरची सातवी पायरी

९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तेवढाच तुझा वाचायचा सराव. उत्तर तुझ्याच हातचं हवं. लिहायला मी शिकवलंय, तेव्हा चुका तपासणार.

गुरुवारी बाबा न कळवता इथे डोंगरावर आले. मी माहिती केंद्राच्या खिडकीत होते. वरच्या पायऱ्यांच्या वाटेची चिठ्ठी तीनपर्यंतच द्यायची असा नियम आहे, नाहीतर माणसं उतरेपर्यंत अंधार पडतो. बाबा खिडकीशी आले तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती. नुकतंच मी एका जोडप्याला परत पाठवलं होतं आणि ते दोघं तिथेच उभे राहून बघत होते. बापाला सोडलं आणि आम्हाला नाही, असं ते म्हणाले असते तर मी काय तोंड दाखवलं असतं? मी सांगितलं, बाबा, उशीर झाला, पुढच्या आठवड्यात लवकर या. ते म्हणाले, बरोबर आहे, मॅडम. मॅडम म्हणाले गं मला. रांगेतले हसले, मीही हसले. मग ते पाचच्या बसने गेले.

जाताना खिडकीच्या फळीवर बोटभर दगडाची कपची विसरून गेले. दगडकाम सुटून इतकी वर्षं झाली, तरी खिशात दगड आहेच! मी ती चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून वर ठेवली आहे. ते रागावले आहेत का, एवढं कळव.

तुझा लोभ आहेच. या पत्राने तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भित्री भागूबाई


१७ ऑक्टोबर

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन दिवस वाचत होते. अक्षर मोत्यासारखं, पण इतकं बारीक की मुंग्या चालल्यासारख्या वाटतात. आता माझ्या चुका काढ खुशाल.

दादा रागावलेला नाही. उलट गल्लीभर सांगत सुटलाय, माझी पोर सख्ख्या बापालाही सोडत नाही. पण एक गोष्ट तुला कळवू नको म्हणाला होता आणि माझ्या पोटात काही राहत नाही. तो तीनला नव्हता आला. दीडलाच आला होता. तुमच्या समोरच्या बाकावर बसून राहिला. स्टँडवर बस लागली की पुकारतात, तसं वर जायची वेळ झाली की पुकारतील असं त्याला वाटलं. बाकामागे मोठी पाटी आहे म्हणे. असेल. त्याला ती काय कामाची? तू मान खाली घालून शिक्के मारत होतीस, ते बघत बसला. लोक उठून जायला लागले तेव्हा खिडकीशी आला.

दुसरं असं, की सोमवारी डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो बघितले आणि चढण कायमची बंद केली. सोमवारची वेळ आधीच मिळाली होती. म्हणूनच तो गुरुवारी निघाला होता.

रडत बसू नकोस, वेळेवर जेव. माझी माया होती तिथेच आहे.

तुझी,
आत्या


२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ती पाटी मी लिहिली आहे. चारदा खरडा केला होता. कुठे दुरुत्तर वाटू नये, कुठे अर्थ निसटू नये, म्हणून एकेक शब्द तोलला. व्यवस्थापकांनी भाषेचं कौतुक केलं होतं. घरात शिकलेली मी पहिली, आणि ज्यांनी शिकवलं त्यांना वाचता येत नाही हेच माझ्या ध्यानात राहिलं नाही. ते दीड तास माझ्या त्या सुंदर वाक्यांना पाठ टेकून बसले होते.

काल पाटीवर घड्याळ काढलं, काटे तीनवर. शेजारी चिठ्ठी धरलेला हात. बैल गेला आणि झोपा केला.

पण आत्या, बाबांना वर जायचं तरी कशासाठी होतं? त्या पायऱ्या त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनीच घातल्या आहेत. देखावा बघायला ते इतका त्रास घेणार नाहीत. विचारून कळव. झोप लागत नाही.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
भागूबाई


२९ ऑक्टोबर

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

दोन दिवस त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा शेकून देत होते तेव्हा बोलला.

तीस वर्षांपूर्वी कामाच्या शेवटच्या दिवशी ट्रक खाली भोंगा वाजवत होता. शेवटच्या वळणानंतरची सातवी पायरी बसवली ती जराशी डुगडुगली. खाली एक कपची सारायला हवी होती. मुकादम ओरडला, हा निघून आला. त्यानंतर डोंगरावर कुणी पडल्याचं ऐकलं, की त्याचं जेवण जात नसे. मला वाटायचं पित्त.

तू त्या पायऱ्यांवरच नोकरीला लागलीस आणि त्याची काळजी वाढली. ती कपची त्याने घरी घडवली होती. मग खिडकीत का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. म्हणाला, चार लोकांत पोरीला कसं सांगू, की तुझ्या बापाने काम कच्चं ठेवलंय?

आता तूच बसव. पातळ कड आत, उताराच्या बाजूने. वरून दगडाने ठोक, लोखंडाने नाही, फुटते.

काळजी घे आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
आत्या


६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल सुट्टीच्या दिवशी वर गेले. त्या पायरीवरून मी आठवड्यातून दोनदा जाते, कधी कळलं नाही. निघण्याआधी शेऱ्यांची वही चाळली. गेल्या वर्षी कुणीतरी लिहिलं आहे, वर एक पायरी हलते. त्याखाली माझ्याच सुवाच्य अक्षरात, नोंद घेतली.

त्या पायरीवर कुणी पडल्याची मात्र नोंद नाही. सगळ्या वह्या पाहिल्या. हे बाबांना आधी सांग.

पायरी हलते. एका कोपऱ्यावर पाय दिला की टक् असा आवाज होतो. कपची जिथे जायची तिथे अशी गेली, जणू तिचीच जागा होती. तीस वर्षांनंतर, न बघता, त्यांनी घडवली होती! ठोकली, उभी राहिले, उड्याही मारल्या. आवाज थांबला. पण माझं वजन ते किती आणि मला त्यातलं कळतं किती. त्यावर त्यांचा पाय पडायला हवा होता. सात मिनिटांसाठी मी तो पडू दिला नाही.

उतरल्यावर त्या बाकावर बसले. खिडकीत माझ्या जागी दुसरी मुलगी होती. तिथून नुसती खाली घातलेली मान दिसते. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

जमलं तर लोभ ठेवा, दोघांनीही.

तुझी,
भागूबाई


१४ नोव्हेंबर

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

दादाला पत्र दोनदा वाचून दाखवलं. कुणी पडलं नाही, हे तिसऱ्यांदा वाचायला लावलं. त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

तिला काय कळवू, असं विचारलं तर म्हणाला, पोर तीनच्या आत चिठ्ठी घेऊन वर गेली होती ना, तेवढं विचार.

मी हसले. तो हसला नाही. तेव्हा नीट लिहून कळव. तो वाट बघतोय.

तुझी,
आत्या