बर्फाच्या पोटाखालचं ऊन पाणी

प्रिय बाबा,

हे पत्र मी ईमेलने पाठवतेय, योस्टेनदादा तुला वाचून दाखवेल. त्याला सगळ्याची घाई असते, सावकाश वाचायला लाव. आणि आधी सूप संपवायचं, मग ऐकायचं. इस्पितळातलं सूप पाणचट असतं ही सबब चालणार नाही.

काल इथे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात पाडत असलेलं आमचं भोक आरपार गेलं. हिम वितळवून उकळत्या पाण्याची धार आम्ही खाली सोडत होतो. थांबलं की भोक पुन्हा गोठायला लागतं, म्हणून झोपसुद्धा पाळीपाळीने. आपल्या वार्ड्यो गावातलं चर्च सहा-सातदा एकावर एक ठेवलं तरी वर डोकावणार नाही इतका जाड बर्फ, आणि तो अख्खा समुद्रावर तरंगतोय. तू तर्जनीवर गळाची दोरी टेकवून तळ ओळखायला शिकवलंस, तशी मी नळीवर हात ठेवून बसले होते. आमच्या तुकडीतला एस्पेन म्हणाला, "नाडी बघतेस की काय गं? यंत्र कशाला आणलंय मग?" तेवढ्यात नळी हाताखाली ढिली पडली आणि भोकातलं पाणी झपकन खाली गेलं. यंत्राला ते नंतर कळलं. हरल्याची शिक्षा म्हणून आता माझी कॉफी एस्पेनच करतो.

मग कॅमेरा सोडला. बाबा, बर्फाची खालची बाजू सपाट नाहीये. पायऱ्या, कपारी, वाट्यांसारखे खळगे, सगळं उलटं टांगलेलं. खारं, जड पाणी लांबून समुद्राच्या तळाने सरपटत येतं, शून्याच्या जरासं वर. तुझा हात त्यात बधिर होईल, पण बर्फाला तेच ऊन. वितळलेलं गोडं पाणी हलकं, ते बर्फाच्या पोटाला घासत वर चढतं आणि आपल्यामागून आणखी ऊन पाणी ओढून घेतं. आमच्या तंबूखाली हे अखंड चाललंय आणि वर कसलाही आवाज नाही. मला भीती वाटली, तरी नजर हलेना.

ऊन प्रवाहामुळे आपलं बंदर गोठत नाही, कॉड येतो. त्यावर तू आम्हा दोघांना वाढवलंस. इथे तसलंच ऊन पाणी हा तरंगत्या बर्फाचा बांध खालून खातंय, आणि जमिनीवरचा सगळा बर्फ या बांधाने अडवून धरलाय.

हे मी तुला स्वयंपाकघरात बसून सांगणार होते. पण दादाने डॉक्टरांचं बोलणं कळवलं, आणि वादळामुळे विमान आठवडाभर उतरणार नाही. मला तुझ्याजवळ यायचंय, बाबा, आणि येता येत नाही. मी पोचेपर्यंत थांबलास तर फार बरं. नाही थांबता आलं, तर मी रुसणार नाही.

तुझीच,
रांदी