बाचा खोकला कानात होता

प्रिय बा,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. कुणाशी तरी भांडल्याशिवाय आज मला चैन पडणार नाही, आणि भांडायला तूच बरा.

तुझा जावई कधीचा खोकतोय. डहाणूच्या डॉक्टरने छातीचा फोटो बघून सांगितलं, क्षय नाही, सुकटीच्या धुळीने होतंय. तरी हा ओटीवर वेगळा जेवतो. पोर हसायला लागली, अजून त्याने हातात घेतली नाही. दारातून बघतो आणि बाहेर जातो. हुबेहूब तू!

तू होडीचा तांडेल. थंडीत वारा कानात शिरू नये म्हणून खोबरेल लावलेले कापसाचे बोळे कोंबून समुद्रावर जायचास. मग तो खोकला लागला. खलाशी तुझ्या मडक्यातलं पाणी पिईनात. तू होडी काकाच्या हवाली केलीस आणि जाळ्यांच्या झोपडीत राहायला गेलास. जा म्हणून कोणी सांगितलं होतं का रे? आई तर रडत होती.

मी धावत यायचे आणि तू लांबूनच काठी आडवी धरायचास. बापाने लेकीपुढे काठी धरावी?

पुढे कान ठणकायला लागला म्हणून आईने तुला ओढत दवाखान्यात नेलं. मीही होते. डॉक्टरने कानात चिमटा घातला की तुला ढास लागायची, काढला की थांबायची. शेवटी काळाकुट्ट बोळा बाहेर आला.

"तांडेल, हा कधीचा?"

"वाऱ्यासाठी घालतो ना, साहेब."

"घालतोस, पण सगळा काढतोस का?"

तुकडा तुटून आत राहिलेला, आणि तू त्याच्यावर रोज नवा कोंबत होतास, झोपडीत गेल्यावरही. कानाच्या नसेला काही टोचलं तरी माणूस खोकतो म्हणे. थोड्याच दिवसांत खोकला गेला. सगळी आळी हसली, तूही हसलास.

घरी आलास, पण लांबच राहिलास. "कोण जाणे, छातीतही असेल काही," म्हणायचास. अरे, मग बोळा काढून उपयोग काय झाला? तापाने गेलास तेव्हाही मला तुझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीस. राग येतो रे मला. अजून येतो.

आता ऐक. आज जावई बंदरावरून आला की पोर त्याच्या मांडीवर ठेवणार आणि कळशी घेऊन विहिरीवर निघून जाणार. रडली तर त्यानेच थोपटायचं. मी लवकर परतणार नाही, हा माझा शब्द. बापाची मांडी कशी असते ते मला ठाऊक नाही. तिला ठाऊक असेल.

तुझी भांडकुदळ लेक,
जानकी