तुमच्या नावाचा घाट

प्रिय बाबा,

जेसीबीचा पंजा गवतात उतरायच्या आत मी तुमची खाट त्याच्यासमोर टाकली आणि तिच्यावर बसले. अजून बसलेलीच आहे. दिवस मावळतोय. मशीन तलावाच्या बांधावर, पाळीवर उभी आहे. गावात आज ज्याच्याशी बोलावं असं कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

तलाव साफ होतोय, बाबा. तुमच्या नावानं!

"काऊन बसून राहिली व ताई?" नरेश पाळीवरून ओरडला. तुमचा पुतण्या, आता सरपंच. "काकाजीचाच घाट होऊन राहिला ना! पायऱ्या, फरशी, बसाले बाकडे. तुले तं खुशी वाटाले पायजे."

"मग गवत काऊन उपडता?"

"घाण आहे ते. फोटोत दिसते."

ऑपरेटर खिडकीतून वाकला. "मॅडम, खटिया हटाओ. डीझल जल रहा है."

"जलने दो."

तुम्ही हसला असता.

घाण! देवधानाचा रानभात घाण, चिल्याचं पाणगवत घाण. कोणी लावलं नाही, कोणी खत घातलं नाही. उन्हावर आणि गाळावर आपोआप येतं, म्हणून घाण. त्याच्या काड्यांना पावसाळ्यात मासोळ्या अंडी चिकटवतात. पिल्लं त्यातच लपून मोठी होतात. किडे, गोगलगाई त्यातच. पाणकोंबडीचं घरटं त्यातच. ते उपटलं की काय उरतं? पाणी. नुसतं पाणी म्हणजे तलाव का?

सहावीत मी वहीत अन्नसाखळी काढली होती. सूर्य, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. तुम्ही बिडी विझवून पाहिलं.

"आन् घार मेल्यावर?"

"चित्र संपलं, बाबा."

"असं कसं संपते? ते गाळात नाही जात का? गाळातून गवत नाही येत का? आण पेन्सिल."

घारीपासून गवतापर्यंत तुम्ही असा बाण ओढला की पान फाटलं. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. त्या फुलीचा मला अजून राग आहे.

पण राग तुमचाही येतो. हे गावाला का नाही सांगितलं? कुणी गवताला हात लावला की शिव्या. कारण कधी दिलंत? गावाला एवढंच कळलं की म्हाताऱ्याचा तलावावर जीव होता. मग वर्षश्राद्धाला त्यांनी तलावच घासूनपुसून द्यायचं ठरवलं. प्रेमानं करताहेत हो! म्हणून तर जास्त संताप होतो.

तुम्ही गेल्यावर दक्षिणेची कड खरवडली. पावसाळ्यात नरेशनं तिथं मत्स्यबीज सोडलं आणि बगळ्यांची पंगत बसली. आता तो म्हणतो, "बीजच खराब होतं." लपायला एक काडी ठेवली नाही, त्याचं काही नाही!

उरला हा उत्तरेचा कोपरा. दुपारी मी इथलं मूठभर गवत ओढून त्याच्या तळहातावर ठेवलं. झिंगे उड्या मारू लागले.

"मोज," मी म्हटलं. "आन् तिकडं एक दाखव."

त्यानं वाकून ते गवत परत पाण्यात सोडलं, हात शर्टाला पुसला आणि निघून गेला.

तुमची राख याच कोपऱ्यात त्यानंच सोडली होती. दूर नदीवर नेऊ नका, असं तुम्हीच म्हणाला होता. त्यानंतर उगवलेल्या देवधानात गाळ किती आणि तुम्ही किती, कोण सांगणार? आणि ते ट्रॉलीत भरून उकिरड्यावर? तुमच्याच नावाची पाटी लावायला?

हा कोपरा मी जाऊ देणार नाही. आणि तुम्ही केलं नाही ते करीन. पाळीवर बसून विचारेल त्याला कारण सांगीन. न विचारेल त्यालाही. शिव्या न देता. जमेल तेवढं.

तुमची,
शालू

ता.क. सकाळी ऑपरेटरनं मशीन सुरू केली. नरेशनं त्याला पाळीवरूनच परत पाठवलं. मग खाली माझ्याकडे आला. खाटेची एक बाजू त्यानं धरली, एक मी. खाट घरी आणली.