बाळ्याने बांधलेली छत्री

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही, म्हणजे गुडघा बरा असणार. गुडघा दुखायला लागला की तुम्ही चार पानं लिहिता, त्यात गुडघ्याचं नावही नसतं, नुसत्या मैदानावरच्या सगळ्यांना शिव्या असतात. सासऱ्यांची तब्येत मी अशीच ओळखते.

माझं ठीक चाललं आहे. शिकाऊ गाडीत रोज नवं माणूस आणि रोज नवी धडधड. परवा एका आजोबांनी ब्रेक सोडून भलतंच काही दाबलं आणि गाडी थेट बेकरीच्या पायरीला नेऊन लावली. खाली उतरून मलाच विचारतात, की ही पायरी आधीपासून इथेच होती का. बाळ्या असता तर आठवडाभर हसला असता.

आता मुद्द्याचं लिहिते. एप्रिलात त्याला जाऊन वर्ष होईल. तो गेल्यापासून मी विमानात पाऊल टाकलेलं नाही. त्या दिवशी मला उडी मारायची आहे, तुमच्याच मैदानावर आणि त्यानेच बांधलेल्या छत्रीने. आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. बाकी सगळे आपापलं पॅराशूट स्वतः घडी घालून पिशवीत बांधतात, आम्ही लग्नापासून एकमेकांचं बांधत आलो. त्यावरून तुम्ही आम्हाला किती बोललात! तो म्हणायचा, की याचा फायदा एवढाच, भांडण झालं की दोघंही जमिनीवर राहतो. त्याने माझी शेवटची छत्री बांधली त्या दिवशी वारा सुटला आणि उडी राहिली. मग हंगाम संपला. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्याच्या डोक्यातली गाठ कळली, आणि तिथून पुढे दवाखाना एके दवाखाना.

पिशवी तशीच कपाटात आहे. तिच्यातल्या राखीव छत्रीच्या तपासणीची मुदत संपली आहे. ती तुमच्यासारख्या परवानाधारकानेच बांधायची असते, म्हणून तेवढी तुम्ही करून द्या. मुख्य छत्रीला मात्र हात लावायचा नाही. मागणं एवढंच आहे.

तुमची,
सूनबाई


१० मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

सवयीने सौ. लिहून गेलो. आता खोडणार नाही.

तुझ्या मागण्याचं उत्तर नाही असं आहे. खाली सविस्तर लिहितो, पण ते वाचूनही उत्तर बदलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सगळी सोंगं आणता येतात, पण उघडल्याचं सोंग छत्रीला आणता येत नाही. दीड वर्ष बांधून ठेवलेली छत्री म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. तरी नव्या पोरांना सांगतो तसं सांगतो, कारण सध्या तुझं डोकं ठिकाणावर नाही. दोऱ्या ज्या रबरी कड्यांत अडकवतो ती रबरं पडून पडून सुकतात. ऐन वेळी तुटली तर सगळ्या दोऱ्या एकदम सुटतात आणि छत्री असा हिसका देते की मान राहील तर नशीब. पिशवी ज्या दोरीच्या फासाने बंद होते तो फास झिजलेला असला आणि विमानाच्या दारातच तुटला, तर तू एकटी जात नाहीस, शेपटीला अडकून विमानातल्या सगळ्यांना घेऊन जातेस. तुझं कपाट न्हाणीघराच्या भिंतीला आहे. तिथे ओल येते, मी स्वतः पाहिली आहे. पिन गंजली का बघ. माणूस बेशुद्ध पडला तर राखीव छत्री आपोआप उघडणारी ती डबी असते, तिची मुदत बघ आणि मला कळव. आणि पिल्लू. आधी वाऱ्यात जाऊन मोठ्या छत्रीला ओढून काढणारं ते एवढंसं कापड. दर उडीनंतर ते मिटतं, बांधताना आतली दोरी ओढून जागं केलं नाही तर वाऱ्यात नुसतं चिंधीसारखं फडफडतं आणि मोठी छत्री आतच राहते. त्याच्या पट्ट्यात एक बारीक खिडकी असते, बांधताना तिच्यात निळी खूण दिसली तर ते जागं, नाही तर झोपलेलं. बाळ्या लहानपणी मैदानभर हिंडून सगळ्यांच्या खिडक्या बघायचा आणि मोठमोठ्या माणसांना दम द्यायचा.

आमच्यात एक लंब्या होता. मित्राची जुनी पिशवी वरून छान दिसते म्हणून न तपासता पाठीवर टाकली. त्याच्या आईला सांगायला मी गेलो होतो. तिने दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत मला पाणी हवं का विचारलं. मी ते प्यायलो. तुझ्या आईकडे मला पाणी प्यायचं नाही.

तेव्हा छत्री उघड, सावलीत टांग, उन्हात टाकू नकोस, ती गादी नाही. मग तुझी तू बांध. नाही तर पिशवी इकडे पाठव, मी उघडतो.

बाबा


१६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलंत त्यातली एकही गोष्ट मला माहीत नाही असं नाही. रबरं, फास, पिन, सगळं पाठ आहे. पण ती आता छत्री नाही, बाबा. त्याच्या हातांनी केलेलं आणि अजून कुणी न मोडलेलं एवढं एकच या घरात उरलं आहे. त्याचे कपडे ताईंनी वाटले, दाढीचं सामान मी टाकलं, दवाखान्यातली चादरसुद्धा परत द्यावी लागली. घड्या घालताना आतली हवा काढायला तो त्या कापडावर पालथा पडायचा. दीड वर्ष ते तसंच दाबलेलं आहे. ते उघडलं की त्यात हवा शिरणार, आणि मग माझ्याकडे काय राहील?

पिशवी मी पाठवणार नाही, कारण तुम्ही ती उघडाल. तुम्ही राखीव छत्री करून दिली नाहीत तर दुसरी मैदानं आहेत. तिथे कागद बघतात, पिशवीत डोकावत नाहीत. रागावून लिहीत नाही. ठरवून लिहिते आहे.

सूनबाई


२० मार्च

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

भावजयीचं पत्र सोबत पाठवतो आहे, वाच. ही मुलगी बोलते तसं करते. दुसऱ्या मैदानावर जाईल, आणि मग मी इथे टेलिफोनशेजारी बसून राहीन. बाळ्याच्या वेळी एकदा बसलो आहे, पुन्हा बसायची ताकद नाही.

तू तिच्याकडे जा. शिकवू नकोस, शिकवायला मी आहे. नुसती शेजारी बस आणि उघडायला लाव. मैदानावर वाढली आहेस, काय बघायचं ते तुला कळतं. मीच का जात नाही म्हणशील. गुडघा हे तिला सांगायचं कारण. तुला खरं सांगतो. पिशवी पाठव, मी उघडतो, असं मी तिला बेधडक लिहिलं, पण पत्र पेटीत टाकून परत येताना दोनदा पेटीशी मागे फिरलो. ती खरंच पाठवेल की काय, याची मला धास्ती बसली. पाळण्यातल्या पोराच्या दुपट्यांच्या घड्या मी घातल्या, त्याला घडी घालायला शिकवलं, आणि आता त्याची घडी मोडायचं माझ्या जिवावर येतं आहे. हे तिला कळू देऊ नकोस, नाही तर माझं कोण ऐकणार.

जावईबापूंना आणि मुलांना आशीर्वाद.

बाबा


२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काम झालं. सूनबाई आधी दारातूनच मला परत पाठवायला निघाली होती, पण मी चहा मागितला आणि चहा पिऊनही गेले नाही. शनिवारी आम्ही छत्री उघडली. सगळं अगदी तुम्ही शिकवल्याप्रमाणे होतं. रबरं थोडी सुकली होती, ती बदलायला सांगितली. काळजी करू नका, गुडघ्याला शेक द्या आणि जिना चढू नका.

तुमची,
ताई


५ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ताईंनी तुम्हाला लिहिलं ते खरं नाही. त्यांच्यावर रागावू नका. दोघींनी मिळून ठरवलं होतं, पण मला ते निभावता येत नाही.

आम्ही बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं आणि पिशवी मध्ये ठेवली. बराच वेळ हात लावला नाही. ताईंनी माझ्या बांगड्या काढून ठेवल्या, कापडात अडकू नयेत म्हणून. मग मी ओढलं. छत्री पसरली ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. एकेक घडी उलगडताना मी त्यावर गाल टेकला. कसलाही वास नव्हता. कापडच होतं ते. त्याच्या घड्या मात्र अगदी त्याच्यासारख्या, शाळेतल्या वहीच्या कव्हरासारख्या होत्या.

शेवटी सगळं गोळा करताना पिल्लू हातात आलं. खिडकीत खूण नव्हती. मला वाटलं, ओढताना माझ्याच हाताने मिटलं असेल. तसं मी म्हणालेही. ताई मान खाली घालून म्हणाल्या, की पिशवीतून निघतानाच त्यांनी पाहिलं होतं, खिडकी तेव्हाही रिकामीच होती. त्याने पिल्लू जागंच केलं नव्हतं, बाबा. बाळ्याने.

राखीव छत्री होती, हे खरं. पण मी ती वेळेवर ओढली असती का? मी माझ्या मनाला विचारून पाहिलं. नसती ओढली. त्याने बांधलेली आहे म्हणजे उघडणारच, आता उघडेल, आता उघडेल, असं म्हणत मी वाट बघत राहिले असते. त्या वाऱ्याच्या दिवशी वारा सुटला नसता तर तेव्हाच.

मग एकेक आठवायला लागलं. त्याच दिवसांत तो नळ चालू ठेवून कामावर जायचा. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आपल्याच जिन्यात मजला चुकला होता. मला एकदा ताई म्हणून हाक मारली, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. गाठ बरीच जुनी असावी, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा ते मी नुसतं ऐकलं होतं. शनिवारी मला ती जमिनीवर पसरलेली दिसली.

ताईंचं म्हणणं, तुम्हाला हे सोसणार नाही. पण चूक सापडली की बांधायला शिकवणाऱ्याला आधी सांगायची, हे तुम्हीच घालून दिलेलं आहे. आणि खरं सांगू, मला हे एकटीला पेलत नाही. फक्त मैदानावरच्या त्या चुकांच्या फळ्यावर लिहू नका. गेलेल्या माणसाला आता चुकलेल्यांच्या रांगेत उभं करू नका.

तुमची,
सूनबाई


१२ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा पुसून पुसून वाचलं, पण दोष चष्म्याचा नव्हता. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. शेजाऱ्याने दार वाजवलं तर त्याच्यावर उगाच खेकसलो. बिचारा माझंच वर्तमानपत्र द्यायला आला होता.

तू सांगितलंस ते बरं केलंस. ताईला मी काही बोलणार नाही. बापाला वाचवायला खोटं बोलली, त्याबद्दल काय रागवायचं.

त्याला वर्ष होईल त्या दिवशी तू इकडे ये. उडी मारायची की नाही ते इथे आल्यावर ठरव. मारायची असेल तर छत्री तुझी तू बांध. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन, हात लावणार नाही, तोंडही बंद ठेवायचा प्रयत्न करीन. राखीव छत्री मी करून देतो. आता माझे हात थरथरतात, म्हणून माझं कामही दुसऱ्या परवानेवाल्याकडून तपासून घेतो, आणि तूही तपासल्याशिवाय पाठीवर घेऊ नकोस. मी सासरा आहे म्हणून विश्वास ठेवशील तर ते चालणार नाही. माया करावी ती जमिनीवर.

तुझी एक विनंती मात्र मी मोडली आहे. काल मैदानावर गेलो आणि फळ्यावर लिहिलं. तिथे मी आजवर कितीएक लोकांच्या मुलांची नावं लिहिली, त्यांच्यासमोर लिहिली, त्यांना लाज वाटेल अशा मोठ्या अक्षरांत लिहिली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे फळ्यावर नाही चालत. कुणीतरी वाचेल आणि जाऊन आपली खिडकी बघेल. त्याचं नाव लिहिलं. चूक लिहिली. मग कारण लिहायची वेळ आली. तिथे लोक लिहितात घाई, गप्पा, आळस, आणि मी त्यांना आणखी दोन शब्द सुनावतो. यातलं एकही मला लिहिता येईना. खडू धरून उभा राहिलो. शेवटी लिहिलं, आजारी होता, घरात कुणाला कळलं नाही.

नव्याने शिकायला येणारे एक शाळामास्तर मागे उभे राहून वाचत होते. त्यांना आपल्यातलं काहीच माहीत नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, की मग आता बरे आहेत का ते. मी हो म्हणालो. आता अगदी बरा आहे, असंही म्हणालो.

लवकर ये. लोभ आहे तो असाच राहू दे, जास्त मागत नाही.

तुझा,
बाबा