आकाशगंगेतला थोरला जावई

१ जानेवारी १९८९
संकल्प: यंदा कादंबरी. साधीसुधी नाही. आकाशगंगाभर पसरलेलं राज्य, शेकडो ग्रह, वर एकच सम्राट. पुण्याच्या एका मासिकाने स्पर्धा जाहीर केली आहे, मुदत मेअखेर. रोज पहाटे पाचला उठून चार पानं लिहायची. आज उठायला आठ वाजले, पण आज रविवार. उद्यापासून नक्की.

प्रमिलेला सांगितलं. तिने विचारलं, गॅसचा नंबर लावला का. कलावंताच्या घरात हे चालायचंच.

६ जानेवारी
पहाटे थंडी फार. लिहिणं रात्रीवर ढकललं आहे. रात्री झोप येते. पण विचार चालू आहेत.

मुख्य विचार: गोष्टीची घाई नको, आधी राज्यकारभार पक्का करू. अंतराळातल्या गोष्टी लिहिणारे अवकाशयानं उडवतात, तारे फोडतात, पण कोण कोणाला मुजरा करतो याचा पत्ता नसतो. हे काम ज्याने ऑफिसात हयात घालवली तोच करू शकतो. पाटबंधारे खात्यातल्या वरिष्ठ लिपिकाला हुद्दा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

९ जानेवारी
सर्वांत वर विश्वपती. त्याखाली नक्षत्रराजे. त्याखाली ग्रहसुभेदार, मग उपग्रह देशमुख, मग धूमकेतू कोतवाल. कोतवालाला फिरती असल्यामुळे भत्ता. कुठलंही यान हलवायचं तर देशमुखाचा दाखला लागेल. देशमुख रजेवर असेल तर यान हलणार नाही, मग आत सम्राट का असेना.

हे वाचून स्वतःच थक्क झालो. चहा मागितला. मिळाला नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. साहेबांच्या उजव्या हाताला कोणी उभं राहायचं यावरून दोन हेडक्लार्कांत बोलाचाली झाली. मी बारकाईने टिपलं. याला म्हणतात अभ्यास.

आमच्या ऑफिसचा टायपिस्ट हिलाल याला आतापर्यंतचं लिखाण दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, पदव्या झाल्या, आता माणसं कधी येणार. टायपिस्टाकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? हिलालला धूमकेतू कोतवालाच्या हाताखाली टाकलं आहे.

१२ फेब्रुवारी
मोठी अडचण सुटली. विश्वपतीच्या लगेच खाली कोण, हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. उत्तर अगदी समोर होतं: जावई. सम्राटाचा थोरला जावई नक्षत्रराजांच्याही वर. धाकटा जावई बराच खाली. यात माझा वैयक्तिक संबंध काही नाही. मी सासऱ्यांचा थोरला जावई आहे हा निव्वळ योगायोग.

कमलचं, म्हणजे प्रमिलेच्या मधल्या बहिणीचं, लग्न ठरतंय. सगळ्यांत धाकटीचं आधीच उरकलं. तिचा नवरा लोटन वीज मंडळात ज्युनिअर इंजिनिअर. खांबावर चढणाऱ्या माणसाला सासरी लोक उठून जागा देतात. माझ्या राज्यात त्याला चंद्रावरच्या दिवाबत्तीचं काम दिलंय.

३ मार्च
रुसण्याचे नियम केले. नक्षत्रराजा आणि त्याच्या वरच्यांना रुसण्याचा हक्क. असा माणूस रुसला की किमान तीन सुभेदारांनी समजूत काढायला जावं. देशमुखासाठी एक माणूस पुरे. त्याखालच्यांनी रुसू नये.

प्रमिला म्हणाली, कादंबरीत कोणी बाई आहे का? म्हटलं, सम्राज्ञी आहे. ती काय करते, असं तिने विचारलं. एवढं अजून ठरवलेलं नाही.

१९ मार्च
सासरे निंबा आबा धुळ्याकडून बस्त्याच्या खरेदीला आले. लग्न १४ मेला, त्यांच्या गावीच. नवरदेव पाचोऱ्याचा. जेवताना आबा म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही हापिसना मानूस शेतस. मंडपमा माईक तुम्हीच धरा."

शेवटी आबांनी माझी योग्यता ओळखली. टोपी-टॉवेल देताना नावं पुकारायची, म्हणजे मानपान माझ्या हातात. आबांच्या मंडपाचा शिष्टाचारमंत्री! पाच महिन्यांत उभं केलेलं शास्त्र प्रत्यक्ष जमिनीवर चालवून बघण्याची संधी. पाच नव्हे, अडीच महिने. पण शास्त्र पाच महिन्यांचं वाटतं.

२ एप्रिल
कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिलं: 'वारा सुटला होता.' खोडलं. विश्वपतीच्या आधी वारा कसा येईल?

९ एप्रिल
प्रमिलेने आज फार शांतपणे एक गोष्ट मागितली. ती सहसा काही मागत नाही, म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो. "आई गेली तेव्हा धाकटी अंगावर पीत होती. आम्हा तिघींना सुंदर अक्कांनी वाढवलं. मंडपात पहिलं नाव त्यांचं घ्या. मला दुसरं काही नको."

सुंदर अक्का म्हणजे तिची आत्या. नवरा लवकर गेला, भावाच्या घरी परत आली, तेव्हापासून तिथेच. कुठल्याही कार्यात ती चुलीपाशी असते. मंडपात मी तिला कधी पाहिल्याचं आठवत नाही.

म्हटलं, बघतो.

११ एप्रिल
विचार केला. नियमात बसत नाही. पहिलं नाव थोरल्या जावयाचं. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं. शिवाय अक्कांना कुठला हुद्दा देणार? जमीन नाही, ग्रह नाही. त्यांच्यासाठी राज्यात 'आश्रित' असा नवा वर्ग काढला. फार विचारपूर्वक काढला आहे. आश्रितांना वर्षातून एकदा सम्राटाचं दर्शन, तेही लांबून.

३० एप्रिल
प्रमिलेने विचारलं, अक्कांचं नाव कितवं. म्हटलं, योग्य जागी. नेमकी जागा सांगा, म्हणाली. बँडवाल्यांच्या नंतर, पण मंडपवाल्याच्या आधी, असं सांगितलं. तिने भांडण केलं नाही. भांडी घासायला घेतली. मला वाटतं तिला पटलं.

कादंबरी मुदतीत होईल. अजून महिना आहे. एकदा कुळकायदा ठरला की पानं धडाधड पडतील.

१३ मे. आबांचं गाव
काल आलो. हळद लागली. लोटनने सगळ्या मंडपाची वायरिंग स्वतः केली. हाताला काळं फासून हिंडत होता आणि बायका त्याला सरबत देत होत्या. मी खुर्चीवर बसून उद्याचा क्रम तपासत होतो. मला कोणी सरबत दिलं नाही, पण शिष्टाचारमंत्र्याने मागून घेणं बरं दिसत नाही. घरून आणलेली बाटली होती.

संध्याकाळी प्रमिला आणि लोटन विहिरीपाशी काहीतरी बोलत होते. मी गेल्यावर गप्प झाले. लग्नघरात कामं फार असतात.

१५ मे. सकाळ. तेच गाव
काल जे झालं ते शांतपणे लिहून काढतो. कादंबरीकाराने अलिप्त असलं पाहिजे.

लग्न लागलं. माईक हातात घेतला. सुरुवात चांगली झाली. सरपंच, पोलिसपाटील, तालुक्याचे पाहुणे. आवाज भारदस्त लागला होता. फक्त पाचोऱ्याचे मामा, म्हणजे नवरदेवाचे, पोलिसपाटलाच्या नंतर नाव आलं म्हणून टोपी डोक्यावर न घालता हातात धरून बसले. हे अपेक्षितच होतं. नवीन व्यवस्थेला विरोध होतोच.

थोरल्या जावयाचं नाव मी पहिलं ठेवलं होतं, मग ऐन वेळी विचार बदलला. सम्राट दरबारात शेवटी येतो. शिवाय स्वतःचं नाव स्वतः कसं पुकारणार? म्हणून त्या एका नावापुरता माईक लोटनच्या हातात दिला. कागदावर लिहूनही दिलं: 'आपले सर्वांचे लाडके, विद्याविभूषित, ज्येष्ठ जामात श्री. अभिमनराव.'

लोटनने कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला की या घरच्या तिन्ही लेकींना ज्या माउलीने न्हाऊमाखू घातलं ती आत्ता चुलीपाशी बसली आहे. तिला घेऊन या.

प्रमिला आणि धाकटी आत गेल्या आणि अक्कांना हाताला धरून आणलं. हाताला पीठ तसंच. अक्का पदर तोंडावर घेऊन परत परत मागे वळत होत्या. विधवेने अशा वेळी पुढे यायचं नसतं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की त्या मुलींशी जवळजवळ झटापटच करत होत्या. कमलने नवरी असून बोहल्यावरून खाली उतरून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. नवरदेवाने ठेवलं. मग पाचोऱ्याच्या मामांनी टोपी घातली आणि त्यांनीही हात जोडले. आबा खांबाला धरून रडत होते. बायका तर सगळ्याच.

मग वाजंत्री सुरू झाली, पंगतीची आरोळी आली आणि माईक कुठे गेला कोण जाणे.

मी रुसलो. हक्क होता. मंडपामागे लिंबाखाली एक खाट होती, तिथे जाऊन बसलो. आता तीन माणसं येतील असा हिशेब. आबा, सरपंच आणि माफी मागायला लोटन. पहिली पंगत उठली. एकजण आला, त्याने काडेपेटी मागितली. दुसरी पंगत बसली. वांग्याच्या भाजीचा वास येत होता. मी मान मंडपाच्या विरुद्ध बाजूला ठेवली होती, म्हणजे येणाऱ्याला संकोच वाटू नये.

शेवटी पावलं वाजली. सुंदर अक्का होत्या. एका हातात ताट.

"जवाईबापू, खाट पाह्यजे. पाचोराना मामाले आडं पडनं शे."

उठलो. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "तुमनं नाव राही गयं ना? मनं बी इतला वरीस कोनी लिधं नव्हतं. काई व्हत नही. बट्टी गरम शे, जेवी ल्या."

खाट उचलून घेऊन गेल्या. मी उभ्या उभ्या जेवलो. अर्धी बट्टी ताटात राहिली. कोरडी होती म्हणून असेल.

१६ मे. जळगाव
एकटा परत आलो. प्रमिला माहेरी राहिली. कधी येणार ते विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही. एसटीत बसवून द्यायला लोटन आला होता. माझी पिशवी त्याने वर ठेवली. मी आभार मानले नाहीत.

हिलालने विचारलं, लग्न कसं झालं. म्हटलं, मानपान उत्तम.

२१ मे. रविवार
सकाळपासून कादंबरी घेऊन बसलो. आश्रित वर्ग रद्द केला. त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही. मग ठरवलं, गोष्टच लिहू. सम्राट-बिम्राट नाही. एक बाई चुलीपाशी बसली आहे आणि तिला मंडपात बोलावतात, इथून सुरुवात करू.

ती मंडपात आली तेव्हा तिच्या अंगावर कुठल्या रंगाची साडी होती, एवढं लिहिलं की पुढचं आपोआप येईल असं वाटलं. संध्याकाळपर्यंत आठवून बघितलं. आठवत नाही. ती येत होती तेव्हा मी लोटनच्या खिशाकडे बघत होतो.

वाईट वाटलं. चहा करून घेतला.