येताना न दिसणाऱ्या गाड्या

आई, तुला लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. तू गेलीस तेव्हा माझे केस काळे होते. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय वाचले, पण काहीच हलताना दिसत नाही. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, डोळे धड आहेत, हलणं ओळखणारा मेंदूचा भाग मेलाय. माशीचे पाय, पंख, सगळं स्वच्छ दिसतं. ती ताटाच्या कडेला असते, मग एकदम आमटीत असते. मधलं काही नाहीच. समोर कुणी जेवत असलं की उघडं तोंड दिसतं, त्यात चावलेला भात, आणि ते तसंच थांबून राहतं. शिसारी येते गं. घरच्या माणसांची किळस यावी, हे काय जगणं झालं?

सुनेनं विचारलं, "अण्णा, रस्त्यावरच्या गाड्या दिसत न्हाईत व्हय तुमाला?"

"दिसत्यात गं. येताना दिसत न्हाईत."

ती हसली.

परवा धाकटा मुलगा महाळुंग्याहून आला. त्याच्यासाठी बशीत चहा ओतायला घेतला. कपापासून बशीपर्यंत चहा थिजलेल्या काकवीसारखा उभा. बशी कधी भरली कळलंच नाही, सगळा त्याच्या मांडीवर. "अण्णा, बास झालं आता! रविवारी माझ्याकडं चला. हितं एक दिवस डंपरखाली जाल." आपलं शेत रस्त्यापलीकडं. रस्ता ओलांडता आला नाही तर आपलं माले गाव सुटलंच.

तेव्हा तुझा गोठा आठवला. मी लहान आहे, दूध किती झालं ते चरवीत वाकून बघतोय, आणि तू टपली मारतेस. "बघतुयास काय मेल्या? कान दे. भरत आली की धारंचा आवाज बदलतुया."

मग मी चहा कानानं ओतायला शिकलो. काल रस्ताही तसाच धरला. डोळे मिटून उभा राहिलो, डंपर गेला, सगळं शांत झालं, निघालो. आणि विजेवर चालणारी स्कूटर अंगावर आली. तिला आवाजच नाही! चालवणारा वर मलाच म्हणतो, "आंधळा हायस काय म्हाताऱ्या?" थू असल्या गाडीवर.

शेतात पोचलो मात्र. कोपर टरारून सुजलाय, लांब बाहीच्या सदऱ्याखाली झाकलाय, घरात कुणाला सांगितलं नाही. हे तुला पोचायचं नाही, ठाऊक आहे. तरी जाऊ की नको, ते रविवारच्या आत कळव.