दाराकडे तोंड करून

बाबा, रविवारी गोंदियाला दुपारच्या खेळाला जाऊन तुमच्या हिरोचा पिक्चर पाहिला. एकटीच गेले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तो मात्र तरणाबांड होऊन परत आला, कारण या भागात त्याची सुरुवातीची गोष्ट आहे, तो हिरो होण्याआधीची. मागचा एकही भाग मी पाहिलेला नाही. त्याने एक जुनं जाकीट पहिल्यांदा अंगात घातलं तर अख्खं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं, आणि मी परक्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारखी इकडेतिकडे बघत राहिले. शेजारच्या पोरीला माझी दया आली. म्हणाली, "आंटी, यही जॅकेट वो आगे हर फिल्म में पहनता है." मी मान हलवली. गाड्या पुलावरून उडत होत्या, काचा फुटत होत्या, कान बधिर झाले. पण माझं लक्ष हाणामारीत नव्हतंच. मी त्याच्या जेवणाची वाट पाहत होते.

कोहमाऱ्याच्या चौकातलं तुमचं पंक्चरचं दुकान आठवतं. ट्यूब पाण्यात दाबून तुम्ही बुडबुडे शोधताय, भोक सापडलं की तेवढी जागा घासून सोल्युशन लावताय, आणि ते वाळेपर्यंत ताटकळलेल्या ड्रायव्हरला ढाब्यावरच्या टीव्हीत पाहिलेला पिक्चर सांगताय. "दाराकडे पाठ करून तो कधीच बसत नाही. काऊन? लहानपणी मालकाच्या घरी जेवून राहिला होता, तं मालकानं मागून येऊन मानगूट धरली अन् ताटावरून उठवलं. घास तोंडातच राहिला ना त्याच्या!" ड्रायव्हर हळहळायचे. मी तेव्हा आठवीत होते, जिभेला हाड नव्हतं. एकदा त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, कायले बनवून सांगता? माह्या मैत्रिणीनं पाहिला हा पिच्चर. असं काहीच नाही त्याच्यात." ड्रायव्हर हसले. एक जण म्हणाला, "पोरीनं पकडलं ना तुमाले!" तुम्ही फक्त "असन बाई" म्हणालात आणि नीट झालेली ट्यूब पुन्हा पाण्यात घालून बुडबुडे शोधत बसलात. त्यानंतर मी दुकानात असताना तुम्ही कधी पिक्चर सांगितला नाही.

तर रविवारी तो जेवला. हॉटेलात, खुशाल दाराकडे पाठ करून. मागून दार उघडलं, गोळ्या सुटल्या, तो अर्थातच वाचला. त्याचं बालपणही दाखवलं. मोठा बंगला, बागेत झोका, लाड करणारे आईबाप. मालक नाही, ताट नाही, मानगूट नाही. शेवटची नावं सरून दिवे लागले, झाडूवाली बाई आली, तरी मी बसून होते. घरी तुम्ही नेहमी दाराकडे तोंड करून जेवायला बसायचात. वाटेत बसता म्हणून आई रोज बोलायची, तरी तुम्ही जागा बदलली नाही. इतकी वर्षं मला ते दिसत होतं आणि कळलं नव्हतं. ती गोष्ट तुमची होती, बाबा. दुसऱ्याच्या नावावर घालूनच तुम्हाला ती सांगता येत होती, आणि मी तेवढंही बंद केलं.

आता विचारावंसं वाटतं. तो मालक कोण, कोणत्या गावचा, तुमच्या चिचगडकडचा का? त्या दिवशी मग तुम्हाला कोणी जेवू घातलं का? आईही गेली, सांगणारं कोणी उरलं नाही. मी नोकरीच्या क्वार्टरमध्ये एकटीचं ताट वाढून घेते. परवापासून मीही दाराकडे तोंड करून बसते. येत तर कोणीच नाही.

हे पत्र वहीतच राहील. पण एक सांगून टाकते. माझ्या कोणत्याही मैत्रिणीने तो पिक्चर पाहिला नव्हता. त्या दिवशी दुकानासमोर माझ्या वर्गातल्या मुली बसची वाट बघत उभ्या होत्या, आणि काळ्या हातांनी हातवारे करत गोष्ट सांगणारा माझा बाप त्यांच्यासमोर गप्प व्हावा, एवढंच मला हवं होतं. खोटं मी बोलले होते.